झाडाची साल आणि रोग्याचे औषध



वनस्पती आणि कर्करोग हा विषय निघाला की आपल्या सुशिक्षित मंडळींत लगेच दोन तट पडतात. एक पक्ष म्हणतो, आपल्या रानावनांत सर्व रोगांची औषधे पूर्वीपासून आहेत. ती आपण विसरलो आणि सुया टोचून घेत बसलो. दुसरा पक्ष म्हणतो, झाडपाला हे अडाण्यांचे काम. खरे औषध कारखान्यात तयार होते. दोन्ही पक्ष मोठ्या आत्मविश्वासाने बोलतात, आणि दोघांनीही इतिहास चाळलेला नसतो. स्तनाच्या कर्करोगावर आज दिली जाणारी काही अत्यंत महत्त्वाची औषधे झाडाच्या सालीतून, पानांतून आणि लाकडातून आली आहेत, हे दुसऱ्या पक्षाला ठाऊक नसते. आणि ती साल किंवा ते पान उगाळून, उकळून घेतले असते तर रोगी बरा होणे दूरच, कदाचित दगावलाच असता, हे पहिल्या पक्षाच्या गावी नसते.

झाड आणि औषध यांच्यामध्ये जे अंतर आहे ते कोणी, कसे आणि किती वर्षांत ओलांडले, एवढेच आज आम्हांला सांगावयाचे आहे. हा इतिहास केवळ पंडितांच्या कुतूहलाचा नाही. या अंतराविषयीच्या गैरसमजापायी कित्येक घरांतील बायका हातची वेळ दवडतात, म्हणून तो भर सभेत सांगण्याजोगा आहे.

आरंभ प्राचीनांपासून करू. इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास लिहिलेली, एडविन स्मिथ याच्या नावाने ओळखली जाणारी एक वैद्यकाची गुंडाळी उपलब्ध आहे. तिच्यात छातीवरील उठून आलेल्या गाठींचे वर्णन असून, त्यांवर उपचार नाही, असा स्पष्ट निर्वाळा दिलेला आहे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत अर्बुदाची लक्षणे दिली आहेत: गोल, स्थिर, फारशी न दुखणारी, खोल मुळाची, सावकाश वाढणारी आणि न पिकणारी गाठ. अर्बुद काढताना त्याचा अंश मागे राहिला तर ते पुन्हा उद्भवते, असेही तेथे सांगितले आहे. हे निरीक्षण इतके अचूक आहे की आजच्या शल्यविशारदालाही त्याचा आदर वाटावा.

परंतु निरीक्षण अचूक असले तरी उपाय सापडतोच असे नाही. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. स्तनात हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. काही दुधाच्या असतात, काही पू होऊन फुटतात, काही पाळीबरोबर येतात आणि जातात. अशा दहा गाठींवर एखादा लेप लावला तर त्यांतल्या कित्येक आपोआपच जिरणार. आणि लेप लावणाऱ्याला मनापासून वाटणार की गुण आपल्या लेपाचा. जिची गाठ जिरली ती बाई गावभर सांगत फिरते. जिची वाढत गेली ती सांगायला उरत नाही. लेप देणारा लबाडच असला पाहिजे असे मुळीच नाही. मोजदाद ठेवली नाही आणि तुलना केली नाही, म्हणजे प्रामाणिक मनुष्यही फसतो. जगातील सर्व देशांच्या परंपरागत वैद्यकात हा पेच होता, आणि तो विसाव्या शतकापर्यंत सुटला नाही.

तो सुटण्याची सुरुवात आपल्या अंगणातल्या सदाफुलीने केली, असे म्हटले तरी चालेल. ही वनस्पती मूळची मादागास्कर बेटावरची. पुढे सर्व उष्ण प्रदेशांत पसरली. वेस्ट इंडीजमधील जमेका बेटावर तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत असत. १९५२ मध्ये तेथील एका डॉक्टराने तिची पंचवीस पाने पाकिटात घालून कॅनडातील डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे धाडली, आणि त्यांनी ती वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठात संशोधन करणाऱ्या आपल्या भावाकडे, रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. रॉबर्ट नोबल यांनी काढा उंदरांना पाजून पाहिला. रक्तातील साखर काही उतरली नाही. मग तो टोचून पाहिला, तर उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. तपासता असे आढळले की त्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या आहेत. दुसऱ्या एखाद्याने पाने फेकून दिली असती. नोबल आणि त्यांचे सहकारी रसायनज्ञ चार्ल्स बिअर यांनी विचार केला की, पांढऱ्या पेशी मारणारे हे द्रव्य त्या पेशींच्याच कर्करोगावर का चालू नये? १९५८ मध्ये त्यांनी व्हिन्ब्लास्टीन हे द्रव्य शुद्ध स्वरूपात जाहीर केले. त्याच कुळातले, पुढे फ्रान्समध्ये पिएर पोतिए यांच्या प्रयोगशाळेत बनलेले व्हिनोरेल्बीन हे औषध पसरलेल्या स्तनकर्करोगावर वापरले जाते.

यातील मर्म ध्यानात घ्यावे. लोकपरंपरेने बोट दाखविले ते मधुमेहाकडे, आणि निघाले कर्करोगाचे औषध. परंपरेने झाड दाखविले. गुण प्रयोगाने ओळखला.

सदाफुलीचे हे यश योगायोगाचे होते. योगायोगावर किती विसंबावे, म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० पासून तेथील कृषिखात्याच्या मदतीने वनस्पतींची पद्धतशीर झडती सुरू केली. वनस्पतिशास्त्रज्ञांनी रानोमाळ हिंडून साली, मुळ्या, पाने, फळे गोळा करावीत, त्यांचे अर्क काढावेत, आणि ते काचपात्रातील कर्कपेशींवर व उंदरांवर तपासावेत, असा हा क्रम. १९८२ पर्यंत असे सुमारे १,१४,००० अर्क तपासले गेले. त्यांतून रोग्यापर्यंत पोचलेली औषधे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली. वनस्पतींत औषधे आहेत हे जितके खरे, तितकेच हे प्रमाणही खरे आहे.

या बोटांवर मोजण्याजोग्या औषधांपैकी दोन मोठी औषधे एकाच प्रयोगशाळेत हाती लागली. उत्तर कॅरोलिनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूट ही ती संस्था. तेथे मन्रो वॉल हे प्रमुख होते, आणि १९६२ मध्ये त्यांच्या हाताखाली मनसुख वाणी नावाचे रसायनज्ञ रुजू झाले. वाणी यांचा जन्म १९२५ मध्ये आपल्या नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्राची पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले, आणि इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट मिळताच या संस्थेत दाखल झाले. खानदेशातील या गृहस्थांचे नाव जगातील प्रत्येक कर्करोगतज्ज्ञाला परिचित असावे, आणि आपल्या शाळांतील मुलांना मात्र ते ठाऊक नसावे, याची आम्हांला खंत वाटते.

ज्या वर्षी वाणी तेथे रुजू झाले, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आर्थर बार्क्ले या वनस्पतिशास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्यातील गिफर्ड पिंचो अरण्यात पॅसिफिक यू या वृक्षाची साल आणि डहाळ्या गोळा केल्या. यू हा सूचिपर्णी वर्गातला, अतिशय सावकाश वाढणारा वृक्ष. त्याचा भाईबंद आपल्या हिमालयात आहे. तिकडे त्याला थुनेर म्हणतात. अमेरिकेतील लाकूडतोड्यांच्या लेखी पॅसिफिक यू हा कुचकामाचा. मोठे वृक्ष तोडून नेल्यावर उरलेल्या पालापाचोळ्याबरोबर तो जाळून टाकीत. युरोपात मात्र या कुळाची ख्याती विषारी म्हणून फार जुनी. एब्युरोन जमातीचा वृद्ध राजा कातुव्होल्कस याने यू खाऊन प्राण दिला, अशी नोंद खुद्द जूलिअस सीझरने आपल्या युद्धवृत्तान्तात केलेली आहे. म्हणजे ज्या झाडातून लक्षावधी स्त्रियांचे औषध निघणार होते, त्याच्या कुळाची दोन हजार वर्षांची कीर्ती विषाची होती.

बार्क्लेच्या सालीचा अर्क कर्कपेशींना मारतो असे १९६४ मध्ये दिसून आले, आणि ती साल वॉल व वाणी यांच्याकडे आली. अर्कात शेकडो द्रव्ये असतात. त्यांतले गुणकारी कोणते? त्यासाठी अर्काचे भाग पाडावयाचे, प्रत्येक भाग पेशींवर व प्राण्यांवर तपासावयाचा, ज्यात गुण उतरला तो ठेवून बाकीचे टाकावयाचे, आणि ठेवलेल्याचे पुन्हा भाग पाडावयाचे. घरची बाई सुपात तांदूळ पाखडते तसेच हे. फरक एवढाच की येथे बारा किलोंच्या सुपातून अर्धा ग्रॅम दाणे निवडावयाचे होते. हे आकडे अलंकारिक नाहीत. वाळलेल्या १२ किलो सालीतून व लाकडातून शुद्ध द्रव्य निघाले ते सुमारे अर्धा ग्रॅम. त्याला टॅक्सॉल हे नाव वॉल यांनी १९६७ मध्ये दिले. त्याच्या रेणूची रचना इतकी गुंतागुंतीची की तो दुभंगून, दोन्ही अर्धांचे स्फटिक बनवून, त्यांवर क्ष-किरण सोडून ती उलगडावी लागली. वाणी, वॉल आणि त्यांचे सहकारी यांचा तो निबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला.

येथे गोष्ट संपावयास हवी होती, असे कोणास वाटेल. प्रत्यक्षात ती जवळजवळ विझली. टॅक्सॉल पाण्यात विरघळेना. मिळे तेही अत्यल्प. उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर त्याचा प्रभाव बेताचाच दिसला. संस्थेला त्यात विशेष काही दिसेना. त्याला पुन्हा जीव आला तो न्यूयॉर्कच्या आल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयातील सूझन हॉर्विट्झ या विदुषीमुळे. टॅक्सॉल पेशीला मारते, पण कसे मारते, हा प्रश्न तिने हाती घेतला. १९७९ मध्ये तिने व तिच्या सहकाऱ्यांनी दिलेले उत्तर सर्वस्वी अनपेक्षित होते.

ते समजण्यासाठी लग्नाचा मांडव डोळ्यांपुढे आणावा. एका पेशीच्या दोन होताना आतील गुणसूत्रांची सारखी वाटणी करावी लागते. त्यासाठी पेशी अतिसूक्ष्म नलिकांचा एक मांडव उभारते, वाटणी होत असता आणि झाल्यावर तो मोडते, आणि त्याच बांबूंचा पुढे दुसरा मांडव घालते. सदाफुलीतील द्रव्य हा मांडव उभाच राहू देत नाही. टॅक्सॉलची तऱ्हा उलटी: ते मांडवाच्या गाठी इतक्या आवळते की तो सोडताच येत नाही. मांडव दारातच अडून बसतो, पेशीची विभागणी खोळंबते, आणि ती मरते. अशा रीतीने काम करणारे द्रव्य यापूर्वी कोणाच्या पाहण्यात नव्हते. कर्कपेशी वारंवार विभागतात म्हणून मार त्यांना अधिक बसतो. परंतु केसांच्या मुळांतील आणि अस्थिमज्जेतील निरोगी पेशीही भराभर विभागतात. म्हणूनच औषध घेणाऱ्या स्त्रीचे केस गळतात, पांढऱ्या पेशी उतरतात. याच नलिका मज्जातंतूंतही असतात. त्यामुळे हातापायांना मुंग्या येतात. झाडातून आलेले, म्हणून निरुपद्रवी, हा समज येथेच मोडून पडतो.

माणसांवरील चाचण्या १९८४ मध्ये सुरू झाल्या, आणि पहिल्याच पायरीवर अडखळल्या. पाण्यात न विरघळणारे हे द्रव्य एरंडेलापासून बनविलेल्या एका द्रावकात मिसळून शिरेतून द्यावे लागे. त्याने काही रोग्यांना तीव्र वावडे येई, धाप लागे, रक्तदाब कोसळे, काही दगावलेही. चाचण्या थांबण्याच्या बेतात आल्या. शेवटी, औषध सावकाश तासन्‌तास सोडावयाचे आणि आधी वावड्याला प्रतिबंध करणारी औषधे द्यावयाची, अशी रीत बसली. १९८९ मध्ये बीजांडकोशाच्या कर्करोगात गुण दिसला. मग १९९१ मध्ये ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन रुग्णालयातील डॉक्टरांनी स्तनाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या २५ स्त्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्यांतील १४ जणींच्या गाठी निम्म्याहून अधिक आटल्या होत्या, आणि त्यांपैकी तिघींच्या पूर्णपणे नाहीशा झाल्या होत्या. १९९४ मध्ये अमेरिकेत स्तनकर्करोगासाठी या औषधाला मान्यता मिळाली. टॅक्सॉल हे नाव तोवर कंपनीची मुद्रा बनले होते. औषधाचे सर्वसाधारण नाव पॅक्लिटॅक्सेल झाले. झाडाची साल काढल्यापासून येथवर बत्तीस वर्षे गेली.

आता हे औषध किती गुण देते, हेही हातचे न राखता सांगितले पाहिजे. काखेतील गाठींपर्यंत रोग गेलेल्या ३,१२१ स्त्रियांवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली. शस्त्रक्रियेनंतर निम्म्या स्त्रियांना प्रचलित औषधे दिली. निम्म्या स्त्रियांना त्यांच्यानंतर पॅक्लिटॅक्सेलही दिले. पाच वर्षांनी पहिल्या गटातील शेकडा ७७ स्त्रिया हयात होत्या, दुसऱ्या गटातील शेकडा ८०. शंभरांत तीन! ज्यांना चमत्कार हवा आहे त्यांची यावर निराशा होईल. पण जगभर दरवर्षी लाखो स्त्रियांना हा रोग होतो; त्या हिशोबाने शंभरांत तीन म्हणजे किती घरे, याचा विचार ज्याचा त्याने करावा. आणि शंभरांतील हे तीन जीव ओळखावयाचे तर हजारोंची मोजदाद आणि तुलना करावी लागते. लेप देणाऱ्या वैद्याला जे अशक्य होते, ते हेच.

औषध सापडले, गुण सिद्ध झाला, आणि मग एक नवे संकट उभे राहिले. शंभर वर्षांच्या एका यू वृक्षाची साल निघते ती सुमारे तीन किलो. तिच्यातून औषध मिळते जेमतेम एका मात्रेपुरते. साल काढली की झाड मरते. एका स्त्रीच्या उपचाराला असे कित्येक वृक्ष लागणार! ज्या जुन्या अरण्यांत यू वाढतो, तेथेच ठिपकेदार घुबडाचा अधिवास होता, आणि १९९० मध्ये ते घुबड संकटग्रस्त म्हणून जाहीर झाले. वृत्तपत्रांत वाद पेटला: स्त्रिया वाचवावयाच्या की अरण्य? १९९२ मध्ये या वृक्षाच्या व्यवस्थेसाठी अमेरिकेला स्वतंत्र कायदा करावा लागला.

या पेचातून सुटका झाली ती पानांमुळे. सदाफुलीच्या संदर्भात ज्यांचे नाव वर आले, त्या पोतिए यांनी फ्रान्समध्ये युरोपीय यूची पाने तपासली. पानांत टॅक्सॉल नव्हते म्हणण्याइतके थोडे होते. पण टॅक्सॉलच्या रेणूचा मोठा, अवघड भाग तयार स्थितीत होता, आणि तो एक किलो ताज्या पानांतून एक ग्रॅमपर्यंत मिळे. पाने खुडल्याने झाड मरत नाही. ती पुन्हा येतात. उरलेली शेपटी प्रयोगशाळेत जोडली की औषध तयार. १९८८ मध्ये फ्रेंच संशोधकांनी ही जोडणी करून दाखविली. त्यानंतर फ्लॉरिडातील रॉबर्ट होल्टन यांनी तिची अधिक सोपी रीत काढली, आणि ती कारखान्यात उतरली. याच खटपटीत पोतिए यांच्या हाती डोसेटॅक्सेल हे भावंड औषध लागले. १९९६ मध्ये तेही अमेरिकेत स्तनकर्करोगासाठी मान्य झाले. पुढे यूच्या पेशीच मोठ्या टाक्यांत वाढवून औषध काढण्याची कृती निघाली. म्हणजे पहिल्या पक्षाचे झाड आणि दुसऱ्या पक्षाचा कारखाना, दोघांनी एकमेकांचा हात धरला तेव्हाच औषध सर्वांना पुरण्याजोगे झाले. आमच्या हिमालयातील थुनेरला मात्र ही सुटका वेळेवर लाभली नाही. मागणी वाढताच त्याची पाने व साल ओरबाडली गेली, आणि १९९५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले.

वॉल आणि वाणी यांच्या दुसऱ्या औषधाची कथा आपल्या सह्याद्रीला येऊन भिडते. टॅक्सॉलच्या आधीच, १९६६ मध्ये, त्यांनी कॅम्प्टोथेका या चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसीन नावाचे द्रव्य काढले होते. तेच द्रव्य १९७२ मध्ये गोरेगाव येथील सीबा संशोधन केंद्रातील टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांना आपल्या पश्चिम घाटातील नरक्या या झाडात आढळले. फुलांच्या दुर्गंधीमुळे ज्याला लोकांनी असे नाव दिले, जळणापलीकडे ज्याला कोणी किंमत दिली नव्हती, त्या झाडात हे द्रव्य चिनी वृक्षापेक्षाही अधिक! बातमी पसरली, परदेशांतून मागणी आली, आणि सह्याद्रीतील नरक्याची चोरटी तोड सुरू झाली. झाडाचे नाव कळले पण त्याची लागवड झाली नाही, म्हणजे काय होते याचा हा आपल्या घरचा दाखला आहे.

कॅम्प्टोथेसीनच्या पहिल्या चाचण्या १९७० च्या सुमारास झाल्या आणि पार फसल्या. पाण्यात विरघळावे म्हणून त्याचा क्षार बनविला, त्यात रेणूचे एक कडे उघडले आणि गुण हरपला. विषार तेवढा उरला. रोग्यांच्या लघवीतून रक्त जाऊ लागले. चाचण्या बंद पडल्या, आणि द्रव्य पंधरा वर्षे अडगळीत गेले. १९८५ मध्ये त्याची कार्यपद्धती उमगली. पेशीतील जनुकद्रव्याचा पीळ सोडवणारे एक विकर असते. पीळ सोडवण्यासाठी ते धागा क्षणभर कापते आणि पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसीन त्याला कापू देते, पण जोडू देत नाही. हे समजल्यावर रसायनज्ञांनी त्याच्यात बदल करून नवी औषधे घडविली. इरिनोटेकान हे त्यांतले एक.

स्तनकर्करोगापर्यंत हे द्रव्य पोचले ते आणखी एका युक्तीने. कर्कपेशीच्या पृष्ठभागावरची विशिष्ट खूण ओळखणारी प्रतिद्रव्ये शास्त्रज्ञांनी तयार केली, आणि कॅम्प्टोथेसीनच्या कुळातले जहाल विष त्यांच्या पाठीवर बांधून दिले. टपालवाल्याने पत्ता पाहून पाकीट टाकावे, तसे हे प्रतिद्रव्य विष मुख्यतः त्या पेशीत नेऊन टाकते. अशा प्रकारचे ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान हे औषध अमेरिकेत २०१९ मध्ये मान्य झाले. एप्रिल २०२० मध्ये सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकान मान्य झाले, ते स्तनकर्करोगाच्या अशा प्रकारासाठी, ज्याच्यावर संप्रेरकविरोधी औषधे चालत नाहीत. त्याच्या चाचणीत, अनेक उपचार थकलेल्या स्त्रियांचे मध्यम आयुर्मान प्रचलित औषधांनी ६.७ महिने होते, ते १२.१ महिने झाले. सहा महिन्यांहून कमी अशी ही भर. परंतु ज्या प्रकारात डॉक्टर हात टेकत, त्यात ती पडली. त्याच एप्रिल महिन्यात मनसुख वाणी ९५ वर्षांचे होऊन निवर्तले. त्यांनी शोधलेल्या द्रव्याला स्तनाच्या रोग्यापर्यंत यावयास पन्नासहून अधिक वर्षे लागली.

असो. आता या इतिहासाचा आपल्या घराशी संबंध जोडून आम्ही आवरते घेतो.

आज हळद, अश्वगंधा, अमुक पाने, तमुक फळ यांनी स्तनाचा कर्करोग बरा होतो असे संदेश घरोघरी फिरतात. हळदीतील कुर्कुमिन काचपात्रातील कर्कपेशी मारते, हे खोटे नाही. परंतु पोटात घेतलेले कुर्कुमिन रक्तात फार थोडे उतरते, आणि उतरते ते लवकर पालटून जाते. आपल्या आमटीतील हळद खुशाल राहू द्यावी. तिला शस्त्रक्रियेच्या जागी बसवू नये. काचपात्र हा प्रवासाचा पहिला टप्पा आहे. १,१४,००० अर्कांपैकी अनेक तेथे उत्तीर्ण झाले आणि पुढे गळाले, हे विसरू नये.

औषधाबरोबर जोडीला झाडपाला घेण्यातही धोका असू शकतो. सेंट जॉन्स वर्ट ही युरोपात उदासीनतेवर घेतली जाणारी वनौषधी. इरिनोटेकान घेणाऱ्या रोग्यांनी ती घेतली, तेव्हा रक्तातील क्रियाशील औषध शेकडा ४२ ने घटले, असे २००२ मधील एका प्रयोगात दिसले. वनस्पतीने वनस्पतीच्याच औषधाचे बळ खाल्ले! म्हणून काढा असो की चूर्ण, डॉक्टरांपासून लपवून घेऊ नये. आणि डॉक्टरांनीही ते ऐकताच रोग्यावर खेकसू नये, म्हणजे रोगी लपवणार नाही.

सर्वांत मोठा धोका वेळेचा. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ च्या निबंधात, प्रचलित उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचारांवर विसंबलेल्या रोग्यांची तुलना उपचार घेतलेल्यांशी केली. रोग अजून दूर पसरलेला नसतानाचे हे रोगी होते. स्तनकर्करोगात पहिल्या गटातील मृत्यूचा धोका दुसऱ्याच्या साडेपाच पटींहून अधिक आढळला. ज्या अवस्थेत हा रोग बरा होण्याची आशा सर्वाधिक असते, नेमकी तीच अवस्था लेप आणि काढे यांत निघून जाते. आपल्याकडे बाई गाठ लाजेने लपवते, घरचे ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणतात, शेजारीण पाला सांगते. आणि गाठीला मात्र कोणाची भीडभाड नसते.

तेव्हा कोणी वनस्पतीचे नाव सुचविले तर त्याला हसू नये. तीन प्रश्न विचारावेत. हिच्यातील गुणकारी द्रव्य कोणते? ते किती मात्रेत दिले? आणि किती रोग्यांना देऊन, कोणाशी ताडून पाहिले? ज्या द्रव्यांनी ही तिन्ही उत्तरे दिली ती आज रुग्णालयाच्या कपाटात आहेत, मग ती यूच्या पानांतली असोत की चिनी वृक्षातली. ज्यांची उत्तरे अजून यावयाची आहेत त्यांच्यासाठी प्रयोगशाळा आहेत. आपल्या घरची बाई ही त्यांची प्रयोगशाळा नव्हे. आणि गाठ हाताला लागली, स्तनाग्र आत ओढले गेले, त्यातून रक्त आले, किंवा कातडीला खळी पडली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे, आणि घरातील पुरुषांनी तिला आपण होऊन घेऊन जावे, एवढीच आमची या सभेला विनंती आहे.